न्यायाधीशाचा लौकिक

परवा इगतपुरीचा पाऊस दिवसभर थांबेना. घाटाकडून धुके वर आले म्हणजे समोरचे घरही दिसेनासे होते, आणि माजघरातील वादाला रंग चढतो. एका वादग्रस्त निकालावरून आमच्या धाकट्या बंधूंनी न्यायाधीशास पक्षपाती ठरवून टाकले. सूनबाईंनी हळूच विचारले, "काका, निकालपत्र वाचलेत का?" ते कोणीच वाचले नव्हते, आम्हीही नाही.

निकाल मनासारखा लागला की न्यायाधीश रामशास्त्री, विरुद्ध गेला की लाचार, ही आपली नेहमीची तुला. आमच्या मते न्यायाधीशाचा लौकिक निकालाच्या दिशेवरून नव्हे, तर निकालापर्यंत तो कोणत्या वाटेने पोहोचला यावरून ठरावा.

लोकमान्य टिळकांच्या खटल्यांचेच पाहा. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना पकडले, तेव्हा आधी जामीन नाकारण्यात आला होता. पुढे बॅ. दिनशा दावर यांनी तो मागितला, आणि न्या. बद्रुद्दिन तय्यबजी यांनी दिला. पूर्वीच्या नकाराचे दडपण त्यांनी बाळगले नाही. १९०८ साली लोकमान्य पुन्हा त्याच आरोपाखाली उभे राहिले, तेव्हा न्यायासनावर दावर होते. बॅ. जिना यांनी मागितलेला जामीन त्यांनी नाकारला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविल्यावर २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, आणि ती सुनावताना लोकमान्यांच्या बुद्धीला विकृतही म्हटले. शिक्षेला कायद्याचा आधार दाखविता येईल. त्या शब्दांना कोणत्या कलमाचा आधार होता?

दावरांचे अंतःकरण आम्ही जाणत नाही. परंतु 'आपल्या माणसाला याने सांभाळून घेतले' असे कोणी म्हणेल, ही भीतीही मनुष्यास कठोर करू शकते. ते त्यांच्याबाबत घडले असे आमचे म्हणणे नाही. आमच्याबाबत मात्र घडले आहे.

आम्ही शिक्षक असताना वार्षिक परीक्षेत आमच्याच भाच्याच्या बाकाखाली एक चिठ्ठी सापडली. तो काही सांगू पाहत होता. आम्ही ऐकून न घेता त्याचा पेपर काढून घेतला. गावात आमच्या निःस्पृहतेची वाहवा झाली, आणि ती आम्हांस गोडही लागली. महिन्याभराने दुसऱ्याच मुलाने चिठ्ठी आपली असल्याचे कबूल केले. परका विद्यार्थी असता तर आम्ही त्याचे म्हणणे खचित ऐकले असते. नात्यामुळे सवलत देणे हा जसा पक्षपात, तसाच नात्यामुळे न ऐकणे हाही पक्षपातच. आमचा लौकिक त्या मुलाच्या खर्चाने वाढला होता.

मुंबईच्या उच्च न्यायालयाने आपल्या परीने परिमार्जन केले. १९५६ साली त्याच इमारतीत, ज्यूरीच्या निर्णयानंतरही आपण निर्दोष आहोत असे सांगणाऱ्या लोकमान्यांच्या उद्गारांचा फलक लावण्यात आला. अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केले. आपली चूक आपल्याच भिंतीवर लावण्याने न्यायालयाचा लौकिक उणा झाला नाही, वाढलाच.

आम्हांस फलक कोठे लावता येणार? भाचा मोठा झाल्यावर एकदा त्याच्यापाशी आम्ही चूक कबूल केली. "मामा, राहू द्या आता," एवढेच तो म्हणाला. क्षमा केली, असे काही तो म्हणाला नाही.