बर्फही वाचावा लागतो

कार्यालयातून एलटीसी मिळाली म्हणून २०१८ च्या मेअखेरीस पत्नी व दोन्ही मुलांना घेऊन मी मनालीहून रोहतांग खिंडीत गेलो. उंची ३,९७८ मीटर. बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी, एवढीच आमची ओळख. समोरचे पांढरे मैदान पाहून धाकटा सुसाट पळाला. एका घोडेवाल्याने धावत जाऊन त्याचा दंड धरला. मी रागावलोच. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, खाली नाला आहे. कान द्या."

खरेच, बर्फाखालून पाण्याचा आवाज येत होता. उन्हाळ्यात वाहते पाणी बर्फ खालून पोखरते. वर नुसते छत उरते. तिथला बर्फ किंचित खचलेला, राखाडी, ओलसर होता. मी तो पाहिला होता, वाचला नव्हता.

मग त्याने वर कड्याला लटकलेले बर्फाचे छज्जे दाखवले. ते वारा बांधतो. खाली आधार नसतो. त्यावर चढू नये, त्याखाली थांबू नये. पहाटे कडक असलेला बर्फ दुपारी भुसभुशीत होतो. घरी आल्यावर मी वाचले, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमकडा कोसळण्याचा धोका सर्वांत जास्त. नवा बर्फ पडल्यावर तर अधिकच.

मी बी.कॉम., रोज ताळेबंद वाचणारा. त्या दिवशी चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने माझे लेकरू वाचवले. बंधू-भगिनींनो, सहलीला जरूर जा. पण पाऊल टाकण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.