प्रहर आणि प्रहार

‘दुपार’ या शब्दात दोन प्रहर आहेत. द्विप्रहरची दुपार झाली, हिंदीत दोपहर, बंगालीत दुपुर. आमच्या बडोद्यात घराचा उंबरा ओलांडला की तीच बपोर होते. दिवसरात्रीचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा. प्रहर भरला की धातूच्या थाळीवर टोला पडायचा, त्या टोल्यावरूनच हे नाव आलं. प्रहरभर जागायचं काम तो पहारा. आणि त्याच धातूतून निघालेला आणखी एक शब्द, प्रहार. वेळ आणि वार यांच्यात एका कान्याचं अंतर.

तौलनिक साहित्याच्या वर्गात असल्या गोष्टींची गंमत वाटायची. त्यांचा उपयोग मात्र मला गेल्या वर्षी झाला, एका आरोग्यपुस्तिकेचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना. दोन कादंबऱ्यांच्या मधल्या काळात मी अशी कामं घेते; विजेचं बिल त्यांच्यावरच भरतं. पुस्तिका होती ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांसाठी. आईला हा सांधेवात अकरा वर्षांपासून आहे, त्यामुळे पहिली वाचक घरातच होती.

‘इम्यून’ या शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द कायद्याच्या कचेरीतला: ज्याला कर आणि सार्वजनिक सेवा माफ आहेत तो. आपण ‘रोगप्रतिकारशक्ती’ केली आणि माफीच्या जागी लढाई आली. मूळ पुस्तिकेतही लढाईच होती. पांढऱ्या पेशी सैनिक, जंतू शत्रू, आणि या आजारात ‘तुमचं स्वतःचं सैन्य तुमच्यावरच हल्ला करतं’. हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मग मी भांडायचं कुणाशी?”

वाक्य खोटं नव्हतं. या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था सांध्यांच्या अस्तराला सूज आणते आणि हळूहळू हाडही झिजवते. पण त्या वाक्यात घड्याळ नव्हतं, आणि आईचा आजार घड्याळाने चालतो. सकाळी ती बोटं उघडमीट करत बसते. विचारलं तर म्हणते, “हात अजून उठले नाहीत.” अकराच्या सुमाराला तेच हात मेथी निवडायला लागतात. डॉक्टरही दर खेपेला तेच विचारतात: सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? तासाभराहून जास्त टिकणारा ताठरपणा ही या आजाराची जुनी खूण आहे.

मग मी पुस्तिका बाजूला ठेवून वाचायला बसले.

शरीराच्या घड्याळाची गोष्ट एका झाडापासून सुरू होते. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. तो शरीराचं मुख्य घड्याळ. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं ते फळमाशीत या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल. पण मला थांबवलं ते पुढच्या माहितीने: घड्याळ एकट्या मेंदूत नाही. बहुतेक पेशींत ते आहे, पांढऱ्या पेशींतही.

या पेशी शरीरभर फिरतात, आणि त्यांच्या फेऱ्यांना वेळापत्रक आहे. माणसाच्या रक्तात लिम्फोसाइट सर्वांत जास्त सापडतात ते रात्री. पहाटे कॉर्टिसॉल चढू लागलं की त्यांतल्या बऱ्याच रक्तातून निघून अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी जातात. कोणत्याही क्षणी शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोनेक टक्के रक्तात असतात. म्हणजे रक्ततपासणी ही रस्त्यावरच्या माणसांची मोजणी. घराघरांत कोण आहे हे तिला कळत नाही. रस्त्यावरून आत शिरायलाही वेळ लागते. रक्तवाहिनीची आतली भिंत ठरावीक काळी जास्त चिकट होते, पेशी तिथे अडकते, घरंगळते आणि फटीतून पलीकडे जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की लसीका ग्रंथी रात्रीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त भरतात. उंदीर निशाचर, म्हणजे ती त्याची सकाळ. पेशींतलं घड्याळाचं जनुक काढून टाकलं, तर ही भरती-ओहोटी थांबते.

माणसांत याचा एक पुरावा बर्मिंगहॅमचा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पासष्टीच्या पुढच्या २७६ जणांना फ्लूची लस दिली, काहींना सकाळी नऊ ते अकरा, काहींना दुपारी तीन ते पाच. सकाळच्या गटात तीनपैकी दोन विषाणूप्रकारांविरुद्ध जास्त प्रतिपिंडं तयार झाली. तिसऱ्यात तसा फरक दिसला नाही. लस तीच, प्रहर वेगळा.

आणि आईची पहाट? रात्री कॉर्टिसॉल अगदी खाली असतं, तेव्हा सूज वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ सारख्या रेणूंना मोकळं रान मिळतं. या आजारात पहाटे त्यांचं प्रमाण खूप चढतं, आणि कॉर्टिसॉल चढेपर्यंत सांधे आखडून बसतात. म्हणूनच रात्री दहाला घ्यायची आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास पोटात उघडणारी प्रेडनिसोनची गोळी बनवली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सकाळी घेतलेल्या नेहमीच्या गोळीपेक्षा तिने ताठरपणाचा काळ कमी केला. आईला कोणती गोळी, ते तिचे डॉक्टर ठरवतात. मला शब्द ठरवायचा होता.

मी ‘सैनिक’ काढले आणि ‘पहाऱ्यावरच्या पेशी’ लिहिलं. त्या वाक्याचं झालं: ‘पहारेकऱ्यांची ओळख चुकते आणि ते घरच्याच माणसांना अडवतात, पहाटे हा त्रास जास्त होतो.’ संपादकांना सैनिक अधिक सोपे वाटत होते. मी त्यांना ‘दुपार’ची फोड सांगितली, बर्मिंगहॅमची लस सांगितली, आणि शेवटी आईचे हात सांगितले. पहारेकरी राहिले.

आईला मी नवा मजकूर वाचून दाखवला. शब्दाबद्दल ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती कालनिर्णयच्या चौकोनात, तिथीखाली, बारीक अक्षरात वेळ लिहू लागली: ९.४०, १०.१५, ९.५५. हात उठल्याची वेळ. डॉक्टरांकडे जाताना ती अख्खं कॅलेंडर भिंतीवरून काढून पिशवीत घालते.