एफक्लोज काय म्हणतंय?

सीमध्ये फाइल लिहिणारा कोणाचाही कोड समोर आला, की माझी नजर आधी शेवटच्या ओळींवर जाते. एफक्लोजने काय उत्तर दिलं, ते तपासलंय का? बहुतेकदा तपासलेलं नसतं. फाइल उघडताना सगळे काळजी घेतात, एफओपनने नल तर दिलं नाही ना हे बघतात. बंद करताना मात्र हात झटकून मोकळे होतात. खरी जोखीम तिथेच असते.

लिनक्सवर हे डोळ्यांनी बघता येतं. 'डेव्ह'खाली 'फुल' नावाची एक फाइल कायम असते. तिच्यात काहीही लिहायला गेलं, की जागा शिल्लक नाही एवढंच उत्तर मिळतं. ती उघडून एफप्रिंटएफने 'नमस्कार' लिहा. एफप्रिंटएफ बिनदिक्कत 21 सांगतं. सात कोडपॉइंट, यूटीएफ-8मध्ये प्रत्येकी तीन बाइट, हिशेब चोख. पण लिहिलं गेलेलं काहीच नाही. मजकूर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बफरमध्ये नुसता पडून आहे. एफक्लोज त्याला पुढे ढकलायला जातं तेव्हा कुठे चूक उघड होते, आणि ते उणे एक परत देतं. हे उत्तर कोणी वाचलंच नाही, तर प्रोग्रॅम यश कळवून संपतो आणि एखाद्याची दिवसभराची नोंद नाहीशी झालेली असते. हे मला सहन होत नाही.

बफरमधून सुटलेला मजकूर कर्नलच्या कॅशमध्ये थांबतो. तिथून तो डिस्कवर गेलाच पाहिजे असेल, तर एफफ्लशनंतर एफसिंक करावं लागतं. आणि एफसिंकच फसलं तर? पुन्हा करून बघू, असं वाटणं साहजिक आहे. 2018मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं, की लिनक्सवर तेवढ्याने भागत नाही. एकदा फसल्यावर कर्नल कॅशमधली ती पानं लिहून झाली असं धरू शकतो. मग दुसरं एफसिंक यशस्वी होतं आणि डेटा मात्र गेलेला असतो. त्यांनी कठोर मार्ग पत्करला: एफसिंक फसलं की डेटाबेस मुद्दाम कोसळू द्यायचा आणि आधी लिहून ठेवलेल्या लॉगवरून पुन्हा उभा करायचा. मला तो निर्णय फार प्रामाणिक वाटतो.

जुनी फाइल बदलायची असेल तर आणखी एक सापळा. 'डब्ल्यू' मोडने उघडल्याबरोबर ती रिकामी होते, नवं अक्षर लिहिण्याआधीच. म्हणून त्याच डिरेक्टरीत वेगळ्या नावाने लिहायचं, एफसिंक करायचं, बंद करायचं आणि मगच रिनेमने जुन्या नावावर आणायचं. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल मिळते, नाहीतर पूर्ण नवी. शेवटी डिरेक्टरीवरही एफसिंक, कारण नावाची नोंद तिच्यात असते.

एफसिंक वेळखाऊ आहे. लॉगच्या प्रत्येक ओळीला ते लावा असं मी म्हणणार नाही, आणि पुन्हा तयार करता येणाऱ्या फाइलींना तर त्याची गरजच नाही. पण बिलं, हजेरी, रुग्णाच्या तपासण्यांचे निकाल असं दुसरीकडे कुठेच न सापडणारं काही लिहायचं असेल, तर तो वेळ मी बिनतक्रार देतो.