लंकेच्या घाटात आमचे हे

लंकेला जाऊन आलो असं सांगितलं की ऐकणारा आधी रावणाची चौकशी करतो आणि मग सोन्याची. सोनं काही आम्हांला दिसलं नाही. डोंगर मात्र पाहिले, आणि तेही बसच्या खिडकीतून, कंबर अवघडेपर्यंत पाहिले. किनाऱ्याचा नारळी मुलूख सोडून बेटाच्या पोटात शिरलं की जमीन जी उठायला लागते ती पिदुरुतलागलाच्या २,५२४ मीटरपर्यंत थांबत नाही. नुवारा एलिया हे तर चांगलं नांदतं गाव, पण तेच १,८६८ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या देवळावर आणखी सव्वादोनशे मीटरांची शिडी लावावी, तेव्हा कुठे तिथल्या मंडईत कोबी घ्यायला पोचता येईल!

आमचे जावई दोन वर्षांसाठी कोलंबोला नोकरीला होते. २०२४ च्या फेब्रुवारीत लेकीनं तिकिटं पाठवली आणि आम्ही दोघं गेलो. डोंगरात फिरायला जावयांनी गाडी ठरवली होती. ड्रायव्हर इंग्रजी बोलणारा, गाडी थंडगार. सगळं ऐकून घेऊन हे म्हणाले, "बसनं जाऊ."

तुम्हांला हे दोन शब्द साधे वाटतील. मला आणि लेकीला ते तसे वाटले नाहीत. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि जावयांना खुणेनंच गप्प केलं.

त्याचं असं आहे. आमचे हे एस. टी. त मेकॅनिक होते. छत्तीस वर्षं कोकणातल्या डेपोंत काढली आणि हेड मेकॅनिक होऊन २०२२ साली निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं बडबडी होतात अशी मैत्रिणींची तक्रार मी ऐकून होते. आमच्याकडे उलटंच झालं. यांचं बोलणं हळूहळू आटत गेलं. चहा हवा का? मान हलायची. भाजी कशी झालीय? मान हलायची. डॉक्टर झाले, कानाची तपासणी झाली. कान तर पोरासोरांना लाजवतील असे निघाले. सकाळी साडेपाचला उठून गॅलरीत बसायचं आणि लांबच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ऐकत राहायचं, एवढाच उद्योग. त्या माणसानं आपण होऊन काही मागितलं होतं.

कोलंबो ते कँडी आम्ही सरकारी लाल बसनं गेलो. तिथला लाल रंग पाहून मला तर थेट आपला लाल डबाच आठवला. ड्रायव्हरशेजारी बॉनेट, त्यावर कुणाची तरी पिशवी, पाठीमागे उभ्या माणसांची दाटी. फरक एवढाच, की काचेच्या वर बुद्धाची तसबीर आणि तिच्याभोवती रंगीत दिव्यांची उघडझाप. गाडी सुरू झाली तसे यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. पाच मिनिटांनी म्हणाले, "लेलँड आहे." तिथे अशोक लेलँडच्या गाड्या जोडणारी कंपनी १९८२ पासून आहे, हे मला जावयांकडून नंतर कळलं. यांना ते कुणी सांगावं लागलं नाही.

कंडक्टर प्रत्येक थांब्यावर ओरडे, "हरि, हरि!" मी आपली मनातल्या मनात हात जोडत होते. सिंहलीत त्याचा अर्थ 'ठीक आहे, चलू द्या'. वाटेत विक्रेते चढले, तेही "वडे, वडे" असं पुकारत! डाळीचे वडे, आणि कोळंबी चिकटवलेलेसुद्धा. सिंहली ही आपल्याच भाषाकुळातली. त्यांचे आकडे ऐका: अट म्हणजे आठ, नवय म्हणजे नऊ, दहय म्हणजे दहा. दोन हजार वर्षांपूर्वी दुरावलेल्या चुलत घरातलं कुणी भेटावं तसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी कँडीहून नुवारा एलियाची गाडी धरली. ही खासगी होती. अंतर जेमतेम पाऊणशे किलोमीटर, पण गंपोला आणि पुस्सेल्लावा मागे टाकलं की रस्ता अशी काही वळणं घेऊ लागतो, की आपली वरंध घाटातली वळणं सरळ वाटावीत. तिथल्या बसमध्ये पुढचं बाक भिक्षूंसाठी राखून ठेवतात. ते रिकामं होतं म्हणून कंडक्टरनं आम्हांला बसवलं. गंपोल्याला एक वयस्कर भिक्षू चढले, तशी मी उठले. भिक्षूंच्या शेजारी बाईमाणसानं बसू नये ही तिथली रीत लेकीनं मला बजावून ठेवली होती. मी मागच्या बाकावर गेले आणि यांच्या शेजारी ते भगवी छाटीवाले बाबा बसले. मनात म्हटलं, बरी जोडी जमली. एक मौनी, दुसरे मुनी.

माझ्या शेजारी मळ्यात काम करणारी एक तमिळ बाई होती. तिच्या बोटांची पेरं चहाच्या पानांनी काळी पडलेली. तिला माझी भाषा येईना, मला तिची. तिनं मला खिडकी दिली आणि एक पेरू दिला. या डोंगरात आधी कॉफी होती. १८६९ साली तिच्यावर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे बसले. त्याआधी दोनच वर्षं, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसानं कँडीजवळ चहाचा पहिला मळा लावून ठेवला होता. कॉफी काय नि चहा काय, राबायला माणसं आणली ती दक्षिण भारतातून. १९४८ च्या कायद्यानं त्यांतल्या बहुतेकांना देशाचे नागरिकच मानलं नाही. १९६४ साली शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. सव्वापाच लाख माणसं भारतानं घ्यायची, तीन लाख लंकेनं, उरलेल्यांचं मागाहून पाहू. पोत्यांची वाटणी करावी तशी! उरल्यासुरल्यांचा प्रश्न सुटायला २००३ चा कायदा यावा लागला. पेरू गोड होता, पण हे सगळं ठाऊक असल्यावर तो नुसता गोड लागत नाही.

रंबोडाच्या आसपास गाडी दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढत होती. वळणावर एक मुलगा हातात फुलांचा गुच्छ धरून उभा. कुणी घेतला नाही. पुढच्या वळणावर पाहते तो तोच मुलगा, तोच गुच्छ! गाडी वळसा घालते, तो मधल्या पायवाटेनं सरळ डोंगर चढतो. तिसऱ्या वळणावर मात्र मी पैसे काढले. गाडीला हरवणारे पाय होते त्याचे.

एवढ्यात पुढून आवाज आला. यांचा आवाज. हे भिक्षूंना इंग्रजीत सांगत होते, "फॅन बेल्ट. स्लिप. ड्रायव्हरला सांगा." भिक्षूंनी ड्रायव्हरला सिंहलीत सांगितलं. ड्रायव्हरनं आरशातून एकदा यांच्याकडे पाहिलं आणि मान उडवली. मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. गाडीतल्या कुणालाच येत नसावं. दोन वळणं गेली आणि काट्यानं गरम झाल्याची खूण केली असावी, कारण ड्रायव्हरनं मुकाट्यानं एका झऱ्यापाशी गाडी बाजूला घेतली.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ड्रायव्हर, कंडक्टर, हे आणि मधे दुभाषे म्हणून साक्षात भिक्षू, असे चौघे इंजिनाभोवती ओणवे झाले. यांनी बेल्टवर अंगठा दाबून दाखवला: इतका दबता कामा नये. मग पाना मागितला. पहिला दिला तो परत केला, दुसरा घेतला. इंजिन जरा निवू दिलं, बोल्ट सैल केला, बेल्ट ताणला, पुन्हा आवळला. हे मराठीत बोलत होते, ड्रायव्हर सिंहलीत, आणि भिक्षूंनी थोड्या वेळानं भाषांतर करणं सोडूनच दिलं, कारण त्याची गरज उरली नव्हती. वीस मिनिटांत गाडी चालू. पुढे नुवारा एलियापर्यंत हे बॉनेटशेजारी उभे, आणि तोंडाचा पट्टा चालू. भिक्षू मागे वळून मला म्हणाले, "तुमचे यजमान फार बोलतात."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

नुवारा एलियात इंग्रजांनी आपलं विलायत वसवलं होतं, त्याच्या खुणा अजून आहेत. लाल विटांचं पोस्ट, घोड्यांची शर्यत, गुलाबांचे वाफे. थंडी अशी की रात्री दोन ब्लँकेटं पुरली नाहीत. पुढे सीता एलियाला सीतामाईचं देऊळ आहे, मागे ओढा आणि खडकात मारुतीच्या पावलांचे म्हणून दाखवतात ते ठसे. मी ओटी भरली. हे देवळात आले, पण लक्ष रस्त्याकडे. वर चढणारी प्रत्येक गाडी कितव्या गिअरवर आहे ते मला सांगत होते. ओटी भरताना बाईनं काय काय ऐकावं!

खरा घाट मात्र एल्ल्याहून वेल्लवायाकडे उतरताना लागतो. रावण धबधबा रस्त्याला अगदी लागून, आणि त्याच्याखाली दरी. हे म्हणाले, "चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा ड्रायव्हर घाटात फार दिवस टिकत नाही. ड्रम तापतात, आणि मग पाय दाबला तरी खाली काहीच नसतं." त्या दिवशीचा ड्रायव्हर चांगला होता. याच रस्त्यावर २०२५ च्या सप्टेंबरात एक बस दरीत गेली आणि पंधरा माणसं दगावली. बातमी वाचली तेव्हा हे जेवले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात कोटमलेजवळ बस कोसळून वीसहून अधिक गेली होती, तेव्हाही नाहीत.

वेल्लवायाच्या लॉजमध्ये त्या रात्री पंखा कुरकुरत होता आणि हे बोलत होते. कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका आषाढातली गोष्ट. पावसात भिजलेले पन्नास उतारू, रात्रीची शेवटची गाडी, पुढे घाट. यांनी चाक काढून पाहिलं तर लायनर झिजून पातळ झालेलं. यांनी गाडी सोडली नाही. उतारूंनी नाही नाही ते ऐकवलं. एकीचं तान्हं रडत होतं, एकाला बापाच्या अखेरच्या भेटीला पोचायचं होतं. त्यानं यांची कॉलर धरली.

मला ती रात्र आठवली. हे पहाटे आले होते, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मी भात गरम करून वाढला, बटण शिवलं आणि झोपले.

"मग सोडली का गाडी?" मी विचारलं.

"सोडली. लायनर बदलून. चार वाजता." जरा थांबून म्हणाले, "तो माणूस पोचला गं वेळेवर. आठ दिवसांनी डेपोत येऊन सांगून गेला."

मग लायनर कसं बसवतात ते यांनी मला पहिल्यापासून सांगायला घेतलं.