बरणी

आमच्या न्हाणीघरात गेले नऊ दिवस एक बरणी फिरते आहे. रात्रंदिवस. आवाज मोठा नाही, लांब कुठंतरी पत्र्यावर पाऊस पडतोय असा. फजरला उठले की आधी कान तिकडं जातात. वीज गेली की बरणी थांबते आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारतात, "टीचर, आज तुमचा पाऊस उघडला का?"

बरणीत काचेचे तुकडे आहेत. जुन्या, फुटक्या, रंगीत काचेचे. ते मी गोळा करते आणि घासून गुळगुळीत करते. शाळेतल्या सहकाऱ्यांना हे कळलं तेव्हा एकानं विचारलं होतं, "मॅडम, बीएड करून भंगारात भागीदारी?" मीही हसले. पण सवय सुटली नाही.

सुरुवात 2019 च्या महापुरात झाली. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं ते तुम्हाला आठवत असेल. ओसरल्यावर आम्ही शिक्षक शाळेच्या आवारातला गाळ उपसत होतो. उर्दूची पुस्तकं गेली होती, मराठीचीही गेली होती. पाण्यानं दोन्ही भाषांना सारखंच वागवलं. त्या गाळात फावड्याला काहीतरी खट्कन लागलं. धुऊन पाहिलं तर गडद निळ्या काचेचा तुकडा, अंगठ्याएवढा, कडा झिजलेल्या. अशी निळाई कोबाल्टमुळं येते, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी एवढंच कळलं की सगळं चिखलाच्या रंगाचं झालेलं असताना ही एक गोष्ट आपला रंग धरून होती. मी तो तुकडा ओढणीच्या टोकाला बांधून घरी आणला.

मग उन्हाळ्यात नदी खाली गेली की काठानं चालायला जाऊ लागले. सर्वांत जास्त सापडते ती गोळीसोड्याच्या बाटलीची काच, फिकट हिरवट निळी. तो रंग कुणी मुद्दाम दिलेला नसतो, वाळूतल्या लोखंडाचा असतो. ही गोळीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 मध्ये पेटंट केली आणि आपल्याकडच्या पोरांनी आतली गोटी मिळवायला ती पिढ्यानपिढ्या फोडली. तपकिरी तुकडे औषधांच्या बाटल्यांचे. कधी पातळ, वळलेला, बिनरंगी तुकडा मिळतो, कंदिलाच्या काचेचा. तसा मिळाला की मला ओगलेवाडी आठवते. कऱ्हाडजवळचा तो काच कारखाना आणि त्याचा प्रभाकर कंदील. कऱ्हाड कृष्णेवरच, आमच्या वरच्या अंगाला. तुकडा तिथलाच असेल असं काही नाही, पण मनाला कोण अडवणार?

आता बरणीविषयी. बाजारात यासाठी तयार यंत्रं मिळतात, पण महाग. मी लेथवाल्याकडून लोखंडी चौकट करून घेतली. तिच्यात दोन रूळ, आणि एका रुळाला मोटारगाडीच्या वायपरची जुनी मोटर. रुळांवर आडवी ठेवायची प्लास्टिकची जाड बरणी. बरणी पाऊण भरेल इतके तुकडे, ते बुडतील न बुडतील इतकं पाणी आणि वरून सिलिकॉन कार्बाइडची पूड. पुडीला नंबर असतात. 80 नंबरची भरड, ती धार मोडते. मग 220, मग 500. शेवटी चकाकी हवी असेल तर सिरियम ऑक्साइड, चष्म्याच्या काचा घासायला वापरतात ते. प्रत्येक टप्प्याला पाच-सात दिवस. मधे सगळं स्वच्छ धुवायचं. भरड पुडीचा एक कण जरी पुढच्या टप्प्यात गेला तरी आठवड्याची मेहनत ओरखड्यात जाते. घाई केली, बरणी जोरात फिरवली, तर तुकडे एकमेकांवर आदळतात आणि अंगावर नखाएवढे चंद्रकोरीचे व्रण पडतात. आणखी एक, उरलेला गाळ मोरीत ओतू नये. मी ओतला. तो पाइपात सिमेंटसारखा बसला आणि प्लंबरनं जे बिल केलं ते मी आजवर घरी खरं सांगितलेलं नाही.

या छंदात माझा एकच नियम आहे. खूप जुनं वाटेल ते घासायचं नाही. बाटलीची काच घासावी, तिच्यासारख्या लाख असतात. पण नदीकाठी एकदा बांगडीचा तुकडा मिळाला. पोटात काळा आणि पाठीवर पिवळी-हिरवी रेघ दोऱ्यासारखी पिळलेली. तो मी कापसात ठेवला. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षितांनी उत्खनन केलं, तेव्हा बहामनी काळाच्या थरात काचेच्या बांगड्यांचे ढीगभर तुकडे निघाले होते. दीक्षितांनी पुढं भारतीय काचेचा इतिहासच लिहिला, तो 1969 मध्ये छापला गेला. नेवाशाच्या उत्खननात तर वरच्या एका थराला अभ्यासकांनी नावच दिलं, 'मुस्लिम-मराठा काळ'. मला हे नाव फार आवडतं. राजे कोण होते, लढाया कुणी जिंकल्या ते इतिहासाच्या तासाला. मातीच्या त्या थरात आमची नावं एका छोट्या आडव्या रेघेनं जोडलेली आहेत. बांगडी कुणाच्या हातातली होती हे तुकड्यावरून सांगता येत नाही. आजही मणियार मुसलमान असतो आणि त्याच्यापुढं हात सगळ्या गल्लीचे असतात.

भाषेची शिक्षिका असल्यानं मला शब्दांचे तुकडेही उचलायची खोड आहे. मराठीत 'ती काच' वेगळी आणि 'तो काच' वेगळा. दोरी काचते, सासरचा काच होतो. मुलांना मी सांगते, स्त्रीलिंगी काच लगेच फुटते, पुल्लिंगी काच सहसा फुटत नाही. मुली हसतात, मुलगे थोडं उशिरा हसतात. आणि बांगडीबद्दल मराठी बाई 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणते, जसा नारळ वाढवतात. उर्दूतही नेमकं हेच आहे. चूड़ियाँ उतारना म्हणायचं नाही, चूड़ियाँ बढ़ाना म्हणायचं, चराग़ बढ़ाना म्हणतात तसं. आणि विधवेच्या बांगड्या फोडायच्या असतात तेव्हा म्हणायचं, चूड़ियाँ ठंडी करना. किती मऊ शब्द! दोन्ही भाषांना त्या कृतीचं खरं नाव घ्यायची लाज वाटली, पण कृती करायची वाटली नाही.

1993 मध्ये माझे अब्बा गेले. मी तेरा वर्षांची होते. मिरजेच्या आमच्या घरात अंगणात पाटा होता. जनाजा उठल्यावर बायकांनी अम्मीला त्या पाट्यापाशी बसवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि बांगड्या फोडल्या. मनगटावर रक्त आलं होतं. कुणीतरी म्हणालं, "होतंच तसं." दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडायला मला सांगितलं. मी तुकडे केरात टाकले नाहीत. अब्बांच्या जर्द्याच्या रिकाम्या डबीत भरले आणि ती डबी दप्तरात, मग ट्रंकेत, मग लग्नानंतर माझ्या कपाटात राहिली. म्हणजे माझा संग्रह 2019 च्या पुरात नाही, तिथं सुरू झाला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अम्मीला तर नाहीच.

मी मौलवी नाही. पण जे कुणीही उघडून वाचू शकतं ते सांगते. नवरा गेलेल्या बाईला इद्दत चार महिने दहा दिवसांची. तेवढ्या काळात साजशृंगार नाही, म्हणून बांगड्या उतरवायच्या. उतरवायच्या, फोडायच्या नाहीत. आणि मुदत संपली की पुन्हा घालायला किंवा पुन्हा निकाह करायलाही मनाई नाही. फोडणं आम्ही इथल्या मातीतून घेतलं. त्या मातीनं ते सोडायचा ठरावही केला. आमच्यापासून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करायचं ठरवलं आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या मोहल्ल्यात ही बातमी सगळ्यांनी वाचली आणि 'त्यांच्यातलं आहे' म्हणून पान उलटलं.

या जूनमध्ये माझा मामेभाऊ अपघातात गेला. त्याची बायको एकोणतीस वर्षांची, पदरात दोन मुलं. आम्ही पोचलो तेव्हा घरात पाटा नव्हता, आता कुणाकडं असतो? म्हणून एका बाईनं स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता आणला. मी शिक्षिका, व्यासपीठावर बोलणारी, महिला दिनाला निबंध स्पर्धा घेणारी. मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

अम्मी उठली. गुडघ्यांमुळं तिला उठायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळ्या थांबल्या. ती जाऊन पोरीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "फोडो नक्को. उतारके लेओ." एक म्हातारी कुरकुरली, रीत आहे म्हणाली. अम्मीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. साबण मागवला, कोमट पाणी मागवलं आणि एकेक बांगडी काढायला घेतली. रडून पोरीचे हात सुजले होते, बांगड्या निघेनात. बराच वेळ गेला. घरात पाण्याचा आवाज तेवढा होता. बारा बांगड्या निघाल्या. त्या अम्मीनं रुमालात बांधल्या आणि स्वतःच्या पिशवीत ठेवल्या.

घरी आल्यावर त्यावर आम्ही बोललो नाही. आमच्या घरात महत्त्वाचं बोलायची पद्धत नाही. गेल्या पंधरवड्यात एका दुपारी मी बरणी धूत होते आणि अम्मी स्टुलावर बसून पाहत होती. का कोण जाणे, मी उठले, कपाटातून जर्द्याची डबी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. उघडल्यावर आधी तिला वास आला. मग तिनं तुकडे तळहातावर ओतले.

"ये मेरे नैं," ती म्हणाली.

मला वाटलं, डोळ्यांना दिसत नसेल. मी सांगितलं, कुठून उचलले, कधी.

"लाल आहेत ना?" ती म्हणाली. "माझ्या हिरव्या होत्या. या तुझ्या फुफीनं त्या दिवशी आणलेल्या. फोडायला. दोन डझन."

अब्बा आठवडाभर इस्पितळात होते. डॉक्टरांनी सांगितल्यावर अम्मी घरी येऊन आधी आपल्या हिरव्या बांगड्या उतरवून तांदळाच्या कोठीत खाली पुरून आली होती. त्या तिच्या आईच्या होत्या. बायका फोडणार हे तिला माहीत होतं. मोकळे हात पाहून फुफीनं मणियाराकडून लाल आणल्या, घातल्या आणि फोडल्या. मी रोज मुलांच्या वहीतली एक वेलांटी सोडत नाही, आणि बत्तीस वर्षं त्या डबीत लाल तुकडे बघताना मला एकदाही वाटलं नाही की अम्मीच्या हातात तर हिरव्या असायच्या.

"मग त्या हिरव्या?"

"तुला दिल्या की. निकाहला."

दिल्या होत्या. सोनेरी ठिपक्यांच्या आठ हिरव्या बांगड्या, सव्वादोनच्या. माझ्या हाताला अडीचच्या लागतात. बसत नाहीत म्हणून मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. त्याच संध्याकाळी शिडी लावून काढल्या. आठपैकी सात धड आहेत. अम्मीला म्हटलं, तू घाल. ती म्हणाली, "संधिवातानं हात वळत नाही, आता काय घालतेस." आणि चहा ठेवायला गेली.

लाल तुकड्यांचं काय करायचं तेही तिनंच सांगितलं. "टाक तुझ्या मशीनमध्ये."

मी तिला नियम सांगितला. शिवाय बांगडीची काच बारीक असते, बाटलीसारखा तिला जीव नसतो. भरड पूड वापरली नाही, 220 पासून सुरू केलं, तरी बरेचसे झिजून जातील.

"जाऊ दे की," ती म्हणाली.

आज सकाळी बरणी उघडली. चाळीसेक तुकडे घातले होते, चहाच्या गाळणीत अकरा उरले. मसुराच्या डाळीएवढे, धुरकट लाल. अम्मीनं त्यांवर बोट फिरवून पाहिलं, कुठं टोचतं का. मग मला म्हणाली, ही गाळणी आता स्वयंपाकघरात आणू नकोस. बाकीची काच गाळात गेली होती, करड्या गाळाला किंचित गुलाबी झाक होती. तो मोरीत न ओतता बादलीत ठेवलाय.

रुमालातल्या बारा बांगड्या अम्मीच्या उशाशी आहेत. इद्दतीचे बावीस दिवस राहिलेत, ती रोज मोजते.