चौक सगळ्यांचा, जमीन कुणाची?

ग्रीसमधल्या गावाचा चौक म्हणजे 'प्लातिया'. चर्च, चिनाराची सावली, कॉफीची दुकानं. फोटोत तो सगळ्यांचाच वाटतो. पण आम्ही गावकुसाबाहेरची माणसं. चौक दिसला की आम्ही आधी विचारतो, भोवतालची जमीन कुणाची? १८८१ मध्ये थेसली प्रांत ग्रीसमध्ये आला, तरी तिथला कसणारा 'कोलिगोस' बड्या जमीनदाराचा वाटेकरीच राहिला. मार्च १९१० मध्ये किलेलेरला जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. फेरवाटपाचा कायदा आला १९१७ मध्ये. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तो याच प्रश्नावर. मित्रांनो, चौकात खुर्ची मिळाली म्हणून गाव आपलं होत नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा. जय भीम!