नव्या ब्रेकचा पहिला ताप

नव्या डिस्क आणि नवे पॅड बसले म्हणजे ब्रेक सिद्ध झाले, हा सार्वत्रिक समज इरुंगाट्टुकोट्टाईच्या मोटार-शर्यतीच्या ट्रॅकवर पहिल्याच वळणाला निकालात निघतो. ब्रेक खरोखर सिद्ध करायचे तर ताशी 100 किलोमीटरवरून, चाके अडकू न देता, 15-20 पर्यंत ते जोराने दाबत यायचे, पूर्ण थांबायचे नाही, लगेच पुन्हा वेग घ्यायचा आणि हे आठ-दहा वेळा करायचे. या तापण्याने पॅडमधील द्रव्याचा अतिसूक्ष्म थर डिस्कवर सर्वत्र सारखा चढतो, आणि पुढचे घर्षण बव्हंशी त्या थराशीच घडते, हे ध्यानी आले म्हणजे या खटाटोपाचे प्रयोजन उमगते. मध्येच जळक्या राळेचा उग्र दर्प सुटतो आणि घाबरून नवखा गाडी उभी करतो. नेमके तेच वर्ज्य! तप्त पॅड एका जागी दाबून राहिला की त्याचा ठसा डिस्कवर उमटतो, पुढे दर ब्रेकला स्टिअरिंग थरथरते, आणि मालक ‘डिस्क वाकली’ अशी फिर्याद गॅरेजात गुदरतो. म्हणून ब्रेक निवेपर्यंत त्यांना शक्यतो न शिवता गाडी सावकाश फिरवत राहावी.

पॅडही जागा पाहून निवडावेत: ट्रॅकचे पॅड थंड असता नीट धरत नाहीत, वर किंचाळतात; रस्त्याचे पॅड अतितापाने ढिले पडतात. दोन्ही मुलखांचा अंमल एकाच पॅडने चालवावा, हा हट्ट मला नामंजूर आहे. माझ्या गाडीचे ब्रेक ऑइलही बदलून घेतले आहे. उद्या दुपारी ट्रॅकवर उतरायचे.